भिंतीवरची मिनिटं

गप्प बसण्यातून मिनिटकाकांना काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. पाच महिने बारा दिवसांनी निवृत्ती. सेवापुस्तकात एकही लाल शेरा नसेल तर कंपनीचा आजन्म पास. पहिल्या वर्गाचा, नवराबायको दोघांचा, तिन्ही मार्गांवर चालणारा. शिवाय निरोपाच्या दिवशी चारजण मनापासून टाळ्या वाजवतील, ते वेगळंच. आणि तोंड उघडण्यातून काय मिळणार होतं? तर तोंड उघडल्याचं समाधान. ते दाखवून कुठल्याही गाडीत बसू देत नाहीत.

मॅडमनी तक्त्यावर दुसरी रेघ ओढायच्या आत काकांचा हा हिशेब मनातल्या मनात पुरा झाला होता.

"टेकडी फाट्यावर गेल्या वर्षी एकूण एक हजार नऊशे बारा मिनिटं उशीर," मॅडम म्हणाल्या. "त्यातली सहाशे एक्केचाळीस एकट्या भिंतीच्या थांब्यावर. आणि कारण दर वेळी एकच, प्रवाशांची चढउतार. म्हणजे फाट्याचा एक तृतीयांश उशीर एका टीचभर थांब्यामुळे. बरोबर ना, काका? आकडे तुमचेच आहेत."

"आकडे माझेच आहेत," काका म्हणाले. त्या सकाळी ते बोलले त्यातलं एवढं वाक्य पूर्ण खरं होतं.

टेबलाभोवती तिघे होते. मोटरमनांचा माणूस, सिग्नलवाल्यांचा माणूस आणि कारशेडचा फोरमन. तिघेही आपापल्या कपात असे वाकून बघत होते, जसं काही पुढचं वेळापत्रक तिथे बुडाशी छापलंय.

"थांबा काढला तर फाटा वेळेवर धावेल. संचालकांना पटलंय. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून भिंतीला गाडी थांबणार नाही. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. प्रवाशांची असती कदाचित. पण या बैठकीत प्रवाशांना खुर्ची नव्हती. कधीच नव्हती. आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली होती.

कंपनी तशी लहान. तीन मार्ग, सत्तावीस स्टेशनं, एकतीस गाड्या. त्यांतल्या चार कायम कारशेडमध्ये आजारी पडलेल्या. एका गिरणीमालकाने ती काढली. कामगार रोज उशिरा येतात म्हणून तो इतका वैतागला, की त्याने नदीपासून गिरणीच्या दारापर्यंत रूळच टाकले. कंपनीचा जन्मच मुळी उशिराच्या रागातून झालेला. दुसरा मार्ग गोदामांकडे गेला. तिसरा टेकडीवर गेला, कारण टेकडी मालकाने स्वस्तात विकत घेऊन ठेवली होती आणि गाडी जात नाही तिथे घर बांधायला कोण जातो? गाडी आधी पोचली, घरं मागून आली, आणि तिकिटांवर जेवढं कमावलं त्याच्या कितीतरी पट मालकाने जमिनीवर कमावलं. कंपनीच्या इतिहासाच्या पुस्तकात याला 'दूरदृष्टी' म्हटलं आहे.

भिंतीचा थांबा याच फाट्यावर, गिरणी आणि पाण्याची टाकी या दोन स्टेशनांच्या मध्ये. तिथे एक काचकारखाना होता. तो कधीचाच बंद पडला, त्याची लांबच लांब भिंत तेवढी उरली आणि तिच्या कडेने एक फलाट. फलाट दोन डब्यांपुरता. पुढे गाड्या तीन डब्यांच्या झाल्या. फलाट आहे तेवढाच राहिला. तिसऱ्या डब्यातल्यांनी आतूनच पुढे चालत यायचं, असा रिवाज पडला. हा थांबा मालकाच्या सासूबाईंसाठी केला होता, असं जुने लोक सांगत. म्हणूनच तो एवढा आखूड आहे, असं त्याहून जुने लोक सांगत.

आता काकांचं काम. त्यांच्या खोलीवर पाटी होती 'वक्तशीरपणा विभाग', पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला उशीरखातं म्हणत. नियम साधा. गाडीला तीन मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला, तर तो उशीरच नाही. तीन किंवा त्याहून जास्त झाला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत त्या मिनिटांना मालक सापडला पाहिजे. मोटरमन, सिग्नल, गाडी, रूळ, हवामान, प्रवासी. या सहांपैकी एकाच्या नावावर ती चढली पाहिजेत. रकाना रिकामा ठेवता येत नाही. ज्याच्या नावावर मिनिटं साठतील, त्याची बढती अडते, नाहीतर बदली होते. त्यामुळे रोज सव्वादहाला ही बैठक बसे आणि लग्नघरात मानपानावरून व्हावीत तशी भांडणं होत. सिग्नल लाल होता. लाल नव्हता, तुमच्या माणसाने उशिरा पाहिला. पाहिला होता, ब्रेक धरत नव्हता. ब्रेक कालच तपासलाय, सही आहे. साडेअकरापर्यंत हे असं चाले. काका गप्प बसून पेन्सिलीला टोक काढत.

सतरा वर्षांपूर्वी एका सकाळी चार मिनिटं अशीच अडून बसली. गाडी 'शिट्टी'ची होती. शिट्टी म्हणजे काकांच्याच वयाचा मोटरमन. केबिनमध्ये उभ्या उभ्या गाणी शिट्टीवर वाजवायचा, म्हणून ते नाव. त्याच्या नावावर त्या वर्षी दोन शेरे आधीच होते. तिसरा आला असता तर गाडी चालवणं सुटलं असतं आणि कारशेडमध्ये रिकामे डबे ढकलायचं काम नशिबी आलं असतं. बायको नुकतीच गेलेली, घरात दोन लहान पोरी. उशीर त्याचाच होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो गिरणी स्टेशनात गाडी उभी करून नुसता समोर बघत राहिला होता. पण हे लिहायचं कुठल्या रकान्यात?

बाराला दहा मिनिटं असताना काकांनी पेन्सिल टेकवली आणि लिहिलं: भिंतीचा थांबा, प्रवाशांची चढउतार, चार मि.

भिंतच का? तर फलाट आखूड, म्हणून पटण्यासारखं. आणि दुसरं कारण काकांच्या स्वभावातलं. ते स्वतः भिंतीला राहत होते. दुसऱ्याच्या स्टेशनावर आळ घालायचा, त्यापेक्षा आपल्याच दारात घातलेला बरा; घरचंच आहे, कोण भांडायला येतंय? सभ्य माणसं चूक करतात तीही अशी सभ्यपणे.

त्या दिवशी सगळ्यांनी पहिल्यांदा चहा गरम असताना प्यायला.

मग काय, रस्ता सापडला. जिथे भांडण अडेल तिथे कोणीतरी म्हणायचं, "काका, टाका भिंतीवर," की काका टाकायचे. सिग्नलवाल्याला डुलकी लागली, भिंतीवर. फोरमनच्या माणसाने दाराचा बोल्ट सैल ठेवला, भिंतीवर. काकांचं वजन वाढलं. ज्याच्यापाशी कोणीही बसत नसे त्याच्यापाशी सगळे बसू लागले. 'मिनिटकाका' हे नाव पूर्वी चिडून घेत, ते प्रेमाने घेऊ लागले. आणि भिंतीच्या थांब्याला काय फरक पडत होता? भिंतीला कुठे बढती हवी होती?

विभागप्रमुख म्हणून नव्या मॅडम येऊन सहा महिने झाले होते. बाई हुशार, वागायला नीट. त्यांनी एवढंच केलं, की जे कागद आजवर नुसते ठेवले जात होते ते वाचले.

*

संध्याकाळी पाच बावन्नने काका भिंतीला उतरले. फलाटावर तिकिटाची एकच खिडकी, आणि खिडकीत वहिनी. नवरा रुळांवर काम करताना गेला, तेव्हा कंपनीने त्यांना ही खिडकी आणि मागच्या दोन खोल्या दिल्या. त्याला एकोणीस वर्षं झाली. गाडी आली की घंटा वाजवायची, तिकिटं द्यायची, आणि गाडी कधी आली कधी सुटली ते भिंतीवरच्या घड्याळात बघून वहीत उतरवायचं.

"काका, खरं का हो?" घंटेची दोरी हातात तशीच धरून वहिनींनी विचारलं. "आम्हाला म्हणे चढायला वेळ लागतो."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दुपारच्या गार्डने. तुमच्या हापिसातली बातमी इथे तुमच्याआधी येते."

"वरून ठरतंय सगळं, वहिनी."

"वर तर पाण्याची टाकी आहे." वहिनी हसल्या, पण हसू अर्ध्यातच विझलं. "मला आता मुख्य स्टेशनात बसवणार. पंधरा खिडक्यांतली एक. आणि खोल्या सोडायच्या. ते जाऊ दे. माझ्या डोक्यात दुसरंच आहे." त्यांनी खिडकीखालून एक कापडी पिशवी ओढून काढली आणि वर ठेवली. पिशवी जड होती. "या घ्या. तीन वर्षांच्या वह्या. आधीच्या उंदरांनी खाल्ल्या. एकेक गाडी सेकंदासकट लिहिली आहे. चाळीस सेकंदांच्या वर एकही थांबलेली नाही. एकदा एकीची पिशवी दारात अडकली, तेव्हा पन्नास. तेही लिहिलंय, पिशवीत काय होतं त्यासकट."

काकांनी पिशवीला हात लावला नाही.

"मॅडमना दाखवा," वहिनी म्हणाल्या. "मी दाखवली तर म्हणतील, बाई आपली जागा वाचवायला बघतेय. तुमचं ऐकतील. आणि काका, ज्या कोणी ती मिनिटं आमच्या माथी मारलीत ना, त्याला तुम्ही शोधालच. तुमचं कामच आहे ते."

पिशवी घ्यावीच लागली.

घरी बायको गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. म्हणजे आज अक्काचा दिवस होता. अक्का ही तिची थोरली बहीण. टाकीच्या पुढच्या स्टेशनाजवळ राहायची. चार वर्षं अंथरुणात. भाचा आणि सून दोघं कामावर; तेव्हा दिवसाआड दुपारच्या गाडीने ही जायची, अक्काला पुसून काढायची, केस विंचरायची, वेणी घालायची आणि चार वीसच्या गाडीने परत यायची. अक्काचे केस कमरेच्या खाली. सत्तरी उलटली तरी त्यात काळा पट्टा होता, आणि अक्काला दुसरं काही मिरवायला उरलेलं नव्हतं.

"आज एक तास लागला गुंता सोडवायला," बायको म्हणाली. "म्हणते, तू आली नाहीस की माझ्या डोक्यात पक्षी घरटं करतील. पिशवीत काय आणलंत?"

"वह्या. वहिनींनी दिल्या."

"मग खरं आहे तर. थांबा बंद झाला तर मी कशी जाऊ हो?"

"गिरणीवरून. चोवीस मिनिटं आहे चालत."

"तुमची चोवीस. माझ्या गुडघ्यांना विचारा किती ते. येताना चढ आहे." तिने पाय पुसले, चष्मा लावला आणि सहज एक वही उघडली. मग दुसरी. ती हळूहळू, ओळीवर बोट ठेवून वाचायची. काका हात धुवायला आत गेले आणि गरजेपेक्षा बराच वेळ हात धूत राहिले.

"अहो," बाहेरून आवाज आला, "इथे तर सगळं पंचवीस सेकंद, तीस सेकंद आहे. मग ती सहाशे मिनिटं आली कुठून?"

"आली कुठूनतरी."

"कुठूनतरी, की कोणाकडून तरी?"

नळ चालूच होता. लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर बायको असला प्रश्न दुसऱ्यांदा विचारत नाही. सकाळी काका निघाले तेव्हा वह्या दोरीने नीट बांधून त्यांच्या बुटांशेजारी ठेवलेल्या होत्या. पाय घालायचा तर आधी त्या उचलाव्या लागत होत्या.

*

मुख्य स्टेशनात शिट्टी आपल्या गाडीच्या केबिनशी उभा राहून पान्याने काहीतरी आवळत होता. काकांनी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पाना खिशात टाकला.

"नावं देणार आहेस?"

"तुला विचारतोय."

"मला काय विचारतोस? माझं एक वर्ष उरलंय, आणि यंदाचे दोन शेरे आधीच झालेत. धाकटीचं शिक्षण चालू आहे. सिग्नलवाल्याची तर अजून दहा वर्षं. फोरमनचा जावईच मिनिटं घालवतो, त्याचं नाव देशील?" मग आवाज उतरवून म्हणाला, "मॅडमना सांग ना, भिंतीचा दोष नाही म्हणून. मग दोष कोणाचा, ते त्यांना कशाला हवंय?"

काकांनाही वाटलं, इतकं सोपं असेल तर बरंच.

मॅडमनी वह्या पाहिल्या. चार पानं उलटली, मग दहा, मग दुसरी वही. चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्या टेबलावरचा डबा उघडलेला नव्हता, आणि दुपारचे अडीच वाजले होते.

"म्हणजे आपला तक्ता खोटा."

"भिंतीपुरता खोटा. बाकीचा खरा आहे."

"कोणी केला?"

"मी. सतरा वर्षं."

मॅडमनी हातातली वही मिटली. त्या रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

"मग ही मिनिटं कोणाची आहेत, काका?"

"माझीच लिहा."

"कुठे लिहू? मोटरमन, सिग्नल, गाडी, रूळ, हवामान, प्रवासी. यात तुम्ही कुठे आहात? लेखनिकामुळे गाडीला उशीर होतो, असं यादी करणाऱ्याला वाटलंच नाही. आणि रकाना रिकामा ठेवता येत नाही, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलंत."

"हो."

"ऐका. सतरा वर्षांचं सोडा. मला गेल्या वर्षीची नावं द्या. सहाशे एक्केचाळीस मिनिटं, कोणाची किती. मी आजच्या आज संचालकांकडे जाते आणि थांबा वाचवते. शब्द देते. पण नुसत्या वह्या घेऊन गेले, तर पहिला प्रश्न हाच येईल. मग उशीर कोणाचा? फाटा तर उशिरा धावतोच आहे."

काकांना नावं पाठ होती. चौदा माणसं. कोणाची किती, कुठल्या तारखेला, का. अकरा वर्षांपूर्वीची आठ चारची गाडी छत्री अडकून सहा मिनिटं थांबली होती, तर त्या छत्रीचा रंग त्यांना आठवत होता. पुढच्या महिन्यात ज्याची बढती होती तो. ज्याची आई दवाखान्यात होती तो. ज्याला खरंच काही अडचण नव्हती, नुसताच आळशी होता, तोही. सगळ्यांनी त्यांच्या खोलीत बसून चहा प्यायला होता. आणि दुसरीकडे एक खिडकी, एक घंटा, दोन गुडघे.

"आठवत नाहीत," काका म्हणाले.

"तुम्हाला? आठवत नाहीत?"

"वय झालं."

मॅडमनी वह्या एकेक करून पिशवीत भरल्या, पिशवी टेबलावरून अलगद पुढे सरकवली.

"तुम्ही आज माझ्याकडे आलाच नाहीत, असं मी समजते."

"शेरा लिहा माझ्या पुस्तकात. लाल."

"शेरा लिहिला तर कारण लिहावं लागतं, काका," मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "कारण लिहिलं तर चौकशी. चौकशीत पुन्हा नावंच. मी सहा महिन्यांपूर्वी आलेय. हा फाटाच बंद करा म्हणणारे तिघं आहेत वर. मी एक थांबा देऊन फाटा वाचवलाय. जा तुम्ही."

शिक्षा मागूनही मिळाली नाही. काका जिना उतरले.

संध्याकाळी वहिनींनी पिशवी परत घेतली. वह्यांची दोरी सुटलेली आहे, ते पाहिलं तेवढं. मग म्हणाल्या, "वाचल्या तरी का त्यांनी?"

"वाचल्या. अक्षराचं कौतुक केलं."

हे मात्र खोटं होतं, आणि त्याचं काकांना पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

*

महिनाअखेर आली. शेवटची थांबणारी गाडी पाच बावन्नच होती, आणि केबिनमध्ये शिट्टी होता. गाडी भिंतीला लागली. काका उतरले. नर्स उतरली, जिची रात्रपाळी इथूनच सुरू व्हायची. शाळेतले दोन मास्तर उतरले. काठी घेतलेले आजोबा उतरले, ते रोज कुठे जाऊन येतात हे कोणालाच माहीत नव्हतं. वहिनींनी घंटा वाजवली. गार्डने हिरवं निशाण दाखवलं.

गाडी हलली नाही.

शिट्टी केबिनमधून खाली उतरला. फलाटावर उभा राहिला, हात खिशात घालून, जसा काही तोच कुठल्या गाडीची वाट बघतोय. काचकारखान्याच्या भिंतीकडे बघत त्याने शिट्टीवर एक जुनी चाल धरली, अर्धीच. तिसऱ्या डब्यातली माणसं खिडकीतून माना काढून बघू लागली. "काय झालं?" गार्ड ओरडला. "काही नाही. चढउतार चाललीय," शिट्टी म्हणाला. वहिनींनी पुन्हा घंटा वाजवली. मग तो चढला.

वहिनींनी घड्याळाकडे पाहून लिहिलं. चार मिनिटं, दहा सेकंद. वही मिटली आणि टोपण लावलेलं पेन तिच्यात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला बैठक बसली.

"टेकडी फाटा, पाच बावन्न, चार मिनिटं," मॅडमनी वाचलं. "मालक कोण?"

"टाका भि..." सिग्नलवाल्यांचा माणूस सवयीने म्हणाला, आणि थांबला. भिंत आता थांब्यांच्या यादीत नव्हती.

मोटरमनांच्या माणसाने खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. कागदावर एकच शब्द आणि शिट्टीची सही. 'माझी.' खाली तारीख होती, ती मात्र कालची नव्हती. सतरा वर्षांपूर्वीची होती. मॅडमना वाटलं, घाईत चुकली असेल. त्यांनी ती खोडून कालची घातली.

काकांनी पेन्सिलीने रकान्यात 'मोटरमन' लिहिलं. अक्षर वाचण्यासारखं आलं. चहा कोणीच प्यायला नाही.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडंच. टेकडी फाट्यावर पुढच्या पाच महिन्यांत उशीर कमी झाला नाही. तो भिंतीमुळे नव्हताच, तर कमी कुठून होणार? आता नावं लिहिली जाऊ लागली, भांडणं बारापर्यंत चालू लागली. काका निवृत्त झाले. टाळ्या वाजल्या, पास मिळाला, जाड पुठ्ठ्याचा, कडेला सोनेरी रेघ. 'सर्व स्थानकांवर वैध' असं त्यावर छापलं होतं. ज्या एका ठिकाणाहून त्यांना चढायचं होतं, ते आता स्थानक नव्हतं.

रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला गाडी भिंतीवरून जाते. मोटरमन नवा असला तरी तिथे वेग जरासा उतरतो. हाताला शिकवलेली सवय असेल, किंवा वळण असेल. पंधरा-वीस सेकंद जातात. काका घराच्या खिडकीतून बघतात. तीन मिनिटांच्या आतला उशीर. त्याला मालक लागत नाही.

तर हिशेब असा झाला. मॅडमनी एक थांबा दिला आणि फाटा ठेवला. शिट्टीने चार मिनिटं दिली, सही करून, आणि शेवटचं वर्ष कारशेडमध्ये रिकामे डबे ढकलत काढलं. वहिनींनी दोन खोल्या आणि घंटा दिली. मुख्य स्टेशनातल्या नवव्या खिडकीत त्यांच्यामागे घड्याळ आहे, पण तिथून गाडी दिसत नाही. चौदा जणांना काहीच द्यावं लागलं नाही. बायकोने सुरुवातीला गिरणीपर्यंतची अडतीस मिनिटं दिली, दिवसाआड. मग आठवड्यातून दोनदा, मग एकदा. चढावर ती दोन ठिकाणी बसायची. काका पास खिशात घालून तिच्याबरोबर चालायचे आणि तिच्या पिशव्या धरायचे.

आणि अक्का. भिंतीच्या थांब्यावर ती जन्मात कधी उतरली नव्हती. आठवड्याच्या गुंत्यापुढे बायकोचा कंगवा मोडला, त्या दिवशी अक्कानेच कात्री मागितली. "काप," म्हणाली, "तुझी गाडी चुकेल." बायकोने मानेपाशी धरून कापले. काकांनी खाली जुनं वेळापत्रक पसरलं होतं. केस त्याच्यावर पडले, पांढरे, मधे काळा पट्टा. काकांनी ते गोळा करून कागदात गुंडाळले आणि पुडी कुठे ठेवावी, हे न कळून हातातच धरून उभे राहिले.